राबत्या वनातली माती

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात माती दोनदा भेटते. दुसऱ्या कलमात वनोपजाची व्याख्या आहे. पाने, फुले, फळे, गवत, वेली, शेवाळ, मध, मेण, शिंगे, कातडी अशी ती लांबत जाते आणि शेवटी दगड व खनिजांच्या पंगतीला ‘पृष्ठभागावरची माती’ येऊन बसते. राखीव वनातली माती हा असा सरकारी माल ठरतो. तो परवान्याशिवाय उचलणे हा गुन्हा. पस्तिसाव्या कलमात तीच माती निराळ्या रूपात येते. डोंगरमाथे, उतार आणि दऱ्यांतली माती टिकावी, दरडी कोसळू नयेत, घळी पडू नयेत, यासाठी सरकारी मालकीच्या नसलेल्या वनांतही जमीन फोडणे, गुरे चारणे आणि झाडोरा जाळणे यांवर राज्य सरकारला बंधन घालता येते. व्याख्येच्या कलमात माती राखायची ती मालमत्ता म्हणून, पस्तिसाव्यात खालच्या वस्तीसाठी, पाण्यासाठी आणि शेतांसाठी. माती म्हणून माती राखावी, असे दोन्हींपैकी एकही कलम म्हणत नाही.

मातीचे स्वतःचे काही हित असते का, आणि असल्यास कायद्याला ते ओळखता येते का, हा प्रश्न अभयारण्यात फारसा टोचत नाही. तिथे हातच लावायचा नसतो. शहरातल्या भूखंडावरही टोचत नाही, कारण तिथली माती केव्हाच संपलेली असते. खरी पंचाईत राबत्या वनात होते. तिथून ठरलेल्या आवर्तनाने लाकूड निघते, पुन्हा लागवड होते, पुन्हा तोड होते. वापर गृहीतच असतो. ज्या वस्तूला हात लावल्याशिवाय व्यवहार चालणार नाही, ती जपायची म्हणजे नेमके काय करायचे, हे तिथे ठरवावे लागते.

पस्तिसाव्या कलमातल्या धोक्यांच्या यादीत वादळे, पूर आणि गडगडणारे दगड यांच्याबरोबर हिमलोटही आहेत. हिमालयासाठी ते योग्यच. ठाण्या-रायगडात हे कलम लावणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र तो शब्द वाचताना गंमत वाटली असेल. एकूण यादीवर आल्प्सची छाप दिसते. अलेक्झांद्र स्युरेल या अभियंत्याने १८४१ मध्ये फ्रेंच आल्प्समधल्या डोंगरी लोंढ्यांवर ग्रंथ लिहून जंगलतोड आणि धूप यांचा संबंध दाखवला. १८६० मध्ये फ्रान्सने डोंगरांवर पुन्हा वने उभी करण्याचा कायदा केला. १८६८ च्या महापुरांनंतर स्वित्झर्लंडने १८७६ मध्ये डोंगरी वनांसाठी संघीय कायदा केला. भारतीय वनखात्याचे पहिले तिन्ही महानिरीक्षक, म्हणजे ब्रँडिस, श्लिख आणि रिबेनट्रॉप, जन्माने जर्मन होते. १८६४ मध्ये ब्रँडिस या पदावर आले तेव्हा त्यांच्याबरोबर मध्य युरोपातला वनविचारही आला. त्या विचारात मातीचे महत्त्व होते, पण ते पुरापासून, दगडधोंड्यांपासून आणि गाळापासून वाचवणारी म्हणून. शिवालिक टेकड्यांतल्या ‘चो’ नावाच्या वाळूभरल्या नाल्यांनी होशियारपूरची शेते गिळायला सुरुवात केल्यावर १९०० मध्ये पंजाबात झालेला भूसंरक्षणाचा कायदाही त्याच वळणाचा. महाराष्ट्रात पस्तिसाव्या कलमाचे पुढे जे झाले ते अगदी वेगळ्या वाटेने गेले. त्या कलमाखाली काढलेल्या जुन्या नोटिसांच्या आधारे १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने जमिनी सरकारजमा झाल्याचे मानले गेले. मुंबईच्या उपनगरांत तोवर इमारती उभ्या राहत गेल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. नुसती नोटीस काढून ठेवली एवढ्याने जमीन वन ठरत नाही, असा निकाल २०१४ मध्ये लागला. उतारावरची माती राखण्यासाठी लिहिलेले कलम मालकीहक्काच्या वादात गाजले, आणि त्या वादात माती कुणाच्या फारशी ध्यानात नव्हती.

मातीसाठी स्वतंत्र कायदा करून पाहणाऱ्या देशांत जर्मनीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथे पाण्याचा संघीय कायदा १९५७ चा, हवेच्या प्रदूषणावरचा १९७४ चा आणि मातीचा १९९८ चा. माती चाळीस वर्षे मागे का राहिली, याचे कारण तांत्रिक कमी आणि तात्त्विक जास्त आहे. हवा आणि पाणी वाहतात; एकाने घाण केली तर दुसऱ्याच्या नाकातोंडात जाते, म्हणून त्यांना सार्वजनिक मानणे भाग पडते. माती जागची हलत नाही. ती सातबारावरच्या नावाखाली निमूट पडून असते आणि मालकाने स्वतःच्या मातीचे वाटोळे केले तर शेजाऱ्याचे काय गेले, हा सवाल सहज सुचतो. युरोपीय संघाने २००६ मध्ये मातीसाठी समान कायदा सुचवला तेव्हा काही सदस्य देशांनी याच धर्तीचा युक्तिवाद केला आणि त्या देशांत जर्मनीही होता. प्रस्ताव आठ वर्षे लोंबकळून २०१४ मध्ये मागे घेतला गेला. माती हलत नाही हेही तसे अर्धेच खरे. धुपून गेलेली माती दुसऱ्याच्या धरणात बसते, आणि मातीतून सुटलेला कार्बन कुठल्याच बांधावर अडत नाही.

जर्मन कायद्याने केलेली मातीची व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे. भूकवचाचा वरचा थर, त्यातले पाणी आणि हवा यांच्यासह, जोवर तो काही कार्ये पार पाडतो तोवर माती. ही कार्ये तीन गटांत सांगितली आहेत. पहिल्या गटात सजीवांचा आधार असणे, पाणी आणि पोषणद्रव्यांचे चक्र चालवणे, गाळणे आणि साठवणे ही नैसर्गिक कार्ये येतात. दुसरे कार्य इतिहासाच्या दफ्तराचे: निसर्गाने आणि माणसांनी मागे ठेवलेल्या खुणा मातीत राहतात. तिसऱ्या गटात शेती, वनशेती, वस्ती, खाणकाम असे उपयोग. इथवर वाचले की कायद्याने मातीला तिची जागा दिली असे वाटते. ‘हानी’ कशाला म्हणायचे हे सांगताना मात्र तो माघार घेतो. मातीच्या कार्यांत बिघाड झाला एवढे पुरत नाही. त्या बिघाडातून एखाद्या व्यक्तीला किंवा जनतेला धोका, मोठे नुकसान किंवा मोठा उपद्रव होण्याजोगा असेल, तरच तो कायद्याच्या लेखी हानिकारक. गांडुळांचे बीळ मोडले, मुळांचा श्वास कोंडला, बुरशीची जाळी तुटली, तरी माणसाच्या दाराशी काही पोचत नाही तोवर काही घडलेच नाही.

वनातल्या मातीची अवस्था तर आणखी नाजूक. शेतकऱ्याने मशागत कशी करावी, हे मातीच्या कायद्यात लिहिले आहे: हवामान पाहून नांगरावे, माती दबू देऊ नये, धूप टाळावी, ह्यूमस टिकवावा. वनापुरता मात्र तोच कायदा खबरदारीची सगळी जबाबदारी वनकायद्यांवर सोपवतो. त्यांपैकी १९७५ चा संघीय वनकायदा उघडावा तर तिथे एवढेच आढळते की वनाची जोपासना रीतसर आणि शाश्वत असावी. ‘रीतसर’ म्हणजे काय ते तिथे सांगितलेले नाही. काही राज्यांचे कायदे थोडे पुढे जातात. बाडेन-व्युर्टेंबर्गच्या वनकायद्यात माती आणि तिची सुपीकता टिकवणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे, आणि घसरणाऱ्या, खडकाळ, उथळ मातीच्या उतारांवरच्या वनांना मृदासंरक्षक वनाचा दर्जा आहे. तरीही किती टनांचे यंत्र, किती ओल्या मातीत, किती वेळा न्यावे, हे कर्तव्याच्या त्या एका ओळीतून निघत नाही.

वनकायद्यावर इतका भरवसा टाकण्यामागे इतिहास आहे. जर्मन प्रदेशांत कित्येक शतके शेतकरी जंगलातला पालापाचोळा खरवडून गोठ्यात अंथरत आणि मग खत म्हणून शेतात घालत. जंगलाचे पोषण अशा रीतीने शेताकडे वाहत राहिले आणि झाडांची वाढ खुंटली. एर्न्स्ट एबरमायर याने १८७६ मध्ये पाचोळ्यावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याने वनमृदाशास्त्राचा पाया घातला. पाचोळा गोळा करण्याचे हक्क हळूहळू मोबदला देऊन काढून घेतले गेले. मातीच्या दृष्टीने ते बरोबरच होते. ज्याच्याकडे दोन गाई होत्या, पण पेंढ्याला पुरेसे शेत नव्हते, त्याच्या दृष्टीने ती लूट होती. कोकणात हाच वाद राबावरून पेटला. भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर शेण, ऐनासारख्या झाडांचा टहाळ, गवत आणि वर मातीचा पातळ थर रचून उन्हाळ्यात ते जाळायचे. तणांचे बी मरते, राख उरते आणि पावसात रोप जोमाने उठते. टहाळ तोडू दिला तर वन उजाड होते आणि न दिला तर भात पिकत नाही, या पेचावर विचार करायला मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. मातीच्या रक्षणाचा इतिहास बराचसा गरिबाला जंगलाबाहेर काढण्याचा इतिहास आहे, ही गोष्ट मातीच्या हक्कांची भाषा बोलणारे सहसा विसरतात. आज राबत्या वनातल्या मातीला धोका पाटीतून जाणाऱ्या पाचोळ्याचा राहिलेला नाही. तो चाकांवर चालतो.

लाकूडतोडीचे हार्वेस्टर यंत्र वीस टनांच्या घरातले असते. ओंडके वाहणारा फॉरवर्डर भरल्यावर त्याहून जड. ओल्या चिकण-पोयट्यावरून ते गेले की मातीतली मोठी छिद्रे आधी मिटतात, आणि हवा तर त्यांतूनच खेळत असते. बहुतेक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होते. पुढच्या फेऱ्या नुसती भर घालतात. मोकळ्या मातीची वनभूमी हवेतला मिथेन शोषून घेते. दबलेल्या चाकोरीतून उलट तो बाहेर पडू लागतो. चाकोरीत पाणी साचते, आणि तोडीनंतर कित्येक वर्षांनी, बाकी सगळे हिरवे झालेले असताना, दलदलीत उगवणाऱ्या लव्हाळ्यांच्या दोन समांतर रांगा जंगलातून सरळ जाताना दिसतात. यंत्र कुठून गेले होते, हे त्या सांगतात. गोठणे-वितळणे, मुळे आणि गांडुळे यांच्या कामाने माती पुन्हा सैल होते खरी, पण पोयट्याच्या जमिनीत त्याला कित्येक दशके लागतात.

यावर वनव्यवहाराने काढलेला तोडगा तत्त्वज्ञाच्याही अभ्यासाचा आहे. यंत्रांसाठी कायमच्या वाटा आखून द्यायच्या, आणि चाक त्या वाटांबाहेर कधीही जाऊ द्यायचे नाही. पुढच्या तोडीला, त्याच्याही पुढच्या तोडीला, शंभर वर्षांनीसुद्धा त्याच वाटा. वाट साधारण चार मीटर रुंद. दोन वाटांत वीस मीटर अंतर ठेवले तर जमिनीचा पाचवा हिस्सा चाकांखाली जातो; चाळीस ठेवले तर दहावा. वीसच का, याचे उत्तर यंत्राच्या हाताशी आहे: हार्वेस्टरचा बाहू दहाएक मीटर पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून वीस. चाळीस मीटर ठेवायचे तर मधल्या पट्ट्यात करवत घेऊन माणूस उतरवावा लागतो आणि खर्च वाढतो. पर्यावरणाचा नियम म्हणून छापल्या जाणाऱ्या या आकड्यामागे मातीइतकाच पोलादी बाहूच्या लांबीचा विचार आहे. असे असूनही राबत्या वनातल्या मातीसाठी आजवर सुचलेल्या नियमांत हा सर्वांत प्रामाणिक आहे. वापर होणार हे तो लपवत नाही. बळी द्यायची जमीन तो आधीच मोजून वेगळी काढतो आणि उरलेल्या भागावर सरसकट बंदी घालतो. मात्र हा नियम मुख्यतः प्रमाणन-संस्थांच्या अटींत आणि सरकारी वनांच्या अंतर्गत निर्देशांत आढळतो; संघीय कायद्याच्या पुस्तकात नाही.

मातीला थेट हात न लावण्याची शिकवण धर्मांत जुनी आहे. बौद्ध विनयातल्या पाचित्तिय नियमांपैकी दहावा नियम भिक्षूला जमीन खोदायला आणि खोदवून घ्यायलाही मनाई करतो. आळवी इथले भिक्षू बांधकामासाठी खोदाई करू लागले आणि जमिनीत एकेंद्रिय जीव असतो असे मानणाऱ्या लोकांनी नावे ठेवली, अशी त्यामागची कथा. विनयाने पुढे जी व्याख्या केली ती आजच्या कायदेकाराने वाचावी अशी आहे. शुद्ध, कमी खड्यांची, न भाजलेली माती जिवंत. निव्वळ दगडगोटे किंवा भाजलेली माती निर्जीव. आणि उपसून टाकलेल्या ढिगावर चार महिन्यांहून जास्त पाऊस पडला असेल, तर तो ढीगही पुन्हा जिवंत धरायचा. माती मरते आणि परत जिवंत होते, हे त्या व्याख्येने हिशेबात घेतले आहे. जैन विचारात पृथ्वीकाय जीव ही सजीवांची स्वतंत्र कोटीच आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांत वनकर्म आणि जमीन फोडण्याचे स्फोटकर्म ही दोन्ही येतात.

या नियमांची ताकद त्यांच्या निरपवादपणात आहे, आणि अडचणही तिथेच आहे. विनयातल्याच सवलतीनुसार भिक्षू ‘हे द्या’, ‘याचे बघा’ असे सुचवू शकतो, आणि मग दुसरा कुणीतरी खोदतो. साधू खोदत नाही, म्हणून गृहस्थाला खोदावे लागते. देवराईचेही काहीसे असेच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या ज्या देवराया अभ्यासल्या, त्यांतल्या अनेकींत वाळकी काटकीही उचलायला देवाची मनाई असे, आणि त्यामुळे तिथे पाचोळ्याचा जाड थर आणि पाणी धरून ठेवणारी माती टिकली. पण देवराईच्या कडेबाहेरचा डोंगर टहाळ, सरपण आणि चराई पुरवत होता, म्हणूनच ती मनाई गावाला परवडत होती. निषेधाने जपलेली माती बहुधा शेजारच्या वापरलेल्या मातीच्या जिवावर जपली जाते.

वापर चालू ठेवून मर्यादा घालणारी दुसरीही एक धार्मिक परंपरा आहे, आणि राबत्या वनाला ती जवळची. बायबलच्या लेवीय पुस्तकात शेतजमिनीला दर सातव्या वर्षी विसावा सांगितला आहे. विसावा माणसाचा नाही, भूमीचा. आणि माणसांनी तो दिला नाही तर ती हद्दपार झाल्यावर भूमी आपली राहिलेली विश्रांती भरून घेईल, असा इशाराही आहे. इथे जमीन हक्काची धनी दिसते. वनाला हा नियम लावून पाहिला की एक विसंगती पुढे येते. ओकच्या वनात दोन मुख्य तोडींमध्ये शंभराहून अधिक वर्षे जातात. विसाव्याला तोटा नाही. तरीही पावसाळी दिवसातली एक दुपार तो सगळा विसावा फुकट घालवू शकते. काळाची मर्यादा तिथे पुरत नाही, जागेची लागते. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातले पृथ्वीसूक्त इथे अधिक नेमके आहे. त्यातला खोदणारा खोदणे सोडत नाही. खोदलेले लवकर भरून यावे आणि आपला घाव भूमीच्या मर्मापर्यंत जाऊ नये, एवढे तो मागतो. मर्म कुठे आहे हे सूक्त सांगत नाही, आणि सांगण्याचे त्याचे कामही नाही. ते काम मृदाशास्त्राचे आणि त्याच्यामागून कायद्याचे.

मातीला थेट हक्कच द्यावेत, हा अलीकडचा मार्ग. क्रिस्टोफर स्टोन याने १९७२ मध्ये झाडांना न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार असावा का, हा प्रश्न कायदेपंडितांपुढे टाकला. न्यूझीलंडने २०१४ मध्ये तुहोए लोकांची भूमी असलेल्या ते उरेवेरा या वनप्रदेशाला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. भारताला यात नवल वाटण्याचे कारण नाही. देवतेची मूर्ती हक्क धारण करते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच मान्य केले होते. देवतेलाही शेबाईत, म्हणजे तिच्या वतीने कारभार पाहणारा, लागतो, आणि त्याने मनमानी केली तर देवतेच्या वतीने भांडणारा आणखी कुणी. मातीच्या वतीने बोलणाऱ्यालाही वाटेची रुंदी, ओलीची मर्यादा आणि पाचोळ्याचा वाटा हेच मागावे लागेल. ते आधीच नियमात लिहिले तर हक्काविना भागते, आणि लिहिले नाही तर हक्क कोर्टाच्या पायरीवर ताटकळतो. हक्काचा उपयोग एकच, पण तो मोठा: माणसाला उपद्रव झाल्याशिवाय हानी मानायची नाही, ही जर्मन कायद्यातली अट त्याने गळून पडते. वनाधिकारी म्हणून घडलेल्या आल्डो लिओपोल्ड याने १९४९ च्या आपल्या पुस्तकात भूमी-नीती मांडताना हेच सुचवले होते: माती, पाणी, झाडे आणि जनावरे ज्या बिरादरीत मोडतात, तिचा माणूस मालक नसून सभासद आहे. जर्मनीने १९९४ मध्ये राज्यघटनेत पुढच्या पिढ्यांसाठी जीवनाधार जपण्याचे कर्तव्य घातले. त्यात काळ आला, पण केंद्रस्थान माणसाचेच राहिले. युरोपीय संघाने २०२५ मध्ये अखेर मातीच्या देखरेखीचा कायदा केला. तो सदस्य देशांना मातीचे आरोग्य मोजायला लावतो. जमीनमालकांवर थेट कर्तव्य टाकत नाही.

महाराष्ट्रातल्या राबत्या वनात हार्वेस्टर नाहीत. माती तिथे दुसऱ्या वाटेने जाते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने विदर्भात मिश्र वनाच्या जागी सागवान लावण्याचा मोठा कार्यक्रम घेतला. सागाची पाने रुंद. पावसाचे बारीक थेंब त्यांवर एकत्र येऊन मोठे होतात आणि उंचावरून पडताना मोकळ्या पावसापेक्षा जोराने जमिनीवर आदळतात. खाली पाचोळा आणि झुडपे असली तर तो मार ती झेलतात. पण साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतो, वणवा ती खाऊन जातो आणि मृगाचा पाऊस उघड्या मातीवर पडतो. वन संवर्धन कायद्याच्या १९८८ च्या दुरुस्तीनंतर नैसर्गिक वाढीची झाडे काढून तिथे पुनर्लागवड करायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ही अट झाडांसाठी आहे. मातीला तिचा फायदा ओघाने मिळतो. मातीचे खरे भवितव्य वनखात्याच्या कार्य आयोजनेत ठरते: कोणता कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, केव्हा तोडायचा, कोणता उतार आणि नाल्याचा कोणता काठ वगळायचा, जाळरेषा कुठे काढायच्या. २०१४ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेने मृद व जलसंधारणाला स्वतंत्र निकष मानले. सागाखालचा पाचोळा जूनपर्यंत जमिनीवर राहिला की नाही, हे प्रत्येक कूपात पाहून नोंदवणे त्या निकषात बसते, आणि वनरक्षकाला त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.